देखणा सिनेमा नीट कसा पाहावा

सिनेमा संपतो, आपण म्हणतो, ‘काय देखणा होता!’ दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं की त्यात नेमकं देखणं काय होतं, तर चार शब्दही सापडत नाहीत. विचारात पाडणाऱ्या सिनेमाचंही तसंच. डोक्यात काहीतरी घोळत राहतं, पण त्याचं टोक हाती लागत नाही. माझं ठाम मत आहे की या दोन अडचणींचं मूळ एकच आहे. चांगल्या सिनेमात सौंदर्य आणि विचार यांची खाती वेगळी नसतात. माणूस चौकटीत कुठे उभा आहे, उजेड कोणत्या बाजूने येतोय, शॉट, म्हणजे मध्ये न कापलेला सलग तुकडा, किती वेळ टिकतोय, यांतूनच दिग्दर्शक आपलं म्हणणं मांडत असतो. डोळे तयार झाले की विचारही हाती येऊ लागतो, आणि डोळे तयार करता येतात. त्यासाठी एक सिनेमा, दोन मोकळ्या संध्याकाळी आणि एक वही एवढंच लागतं.

पहिला सिनेमा निवडताना

सर्वोत्तम चित्रपटांच्या याद्या पाहून थेट सगळ्यांत अवघड सिनेमाला हात घालू नका. रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीचा ‘स्टॉकर’ मला अतिशय प्रिय आहे, पण सुरुवात त्याने करू नये. सुरुवातीला दीड तासाच्या आसपासचा, गोष्ट स्पष्ट असलेला आणि दृश्याचा एखादा नियम ठळकपणे पाळणारा सिनेमा घ्यावा.

पोलिश ‘इडा’ (२०१३) यासाठी अगदी योग्य आहे. जेमतेम ८२ मिनिटांचा, कृष्णधवल, जुन्या सिनेमासारख्या जवळपास चौकोनी चौकटीतला. मठात वाढलेली एक तरुण मुलगी शपथ घेण्याआधी मावशीला भेटायला जाते आणि आपण ज्यू आहोत हे तिला तिथे कळतं. त्यातला नियम पहिल्या काही मिनिटांतच लक्षात येतो. माणसं चौकटीच्या तळाशी, कधी एखाद्या कोपऱ्यात, आणि त्यांच्या डोक्यावर भलीमोठी रिकामी जागा. ती जागा कुणाला देवाची वाटते, कुणाला इतिहासाच्या ओझ्याची, तर कुणाला नुसत्या एकटेपणाची. कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ स्थिर असतो आणि अगदी शेवटी हातात धरलेला कॅमेरा तिच्याबरोबर चालू लागतो. हा बदल ज्याला जाणवला, त्याला शेवट समजावून सांगावा लागत नाही.

सबटायटल वाचायचा सराव नसेल, तर पहिला सिनेमा आपल्या भाषेतला घ्या. खालच्या ओळींवर नजर खर्च झाली की वरची चौकट निसटते. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) बराचसा मराठीत आहे आणि पाहण्याची सवय लावायला त्याच्यासारखा सिनेमा नाही. तिसरा पर्याय जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा ‘राशोमोन’ (१९५०), ज्यात एकाच गुन्ह्याची हकिकत प्रत्येक जण वेगळी सांगतो. तो ८८ मिनिटांचा आहे आणि फक्त तीन जागांत घडतो. पडका दरवाजा, जंगल आणि न्यायालयाचं अंगण.

आधी पडदा नीट करा

हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून बहुतेक जण टाळतात. पण ज्या सिनेमात प्रत्येक सावली विचारपूर्वक ठेवलेली असते, तो चुकीच्या सेटिंगवर पाहणं म्हणजे तो न पाहण्यासारखंच आहे.

सिनेमा साधारणपणे सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. आजचे टीव्ही हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून मधली चित्रं स्वतःच तयार करून भरतात. त्यामुळे भव्य ऐतिहासिक सिनेमाही स्टुडिओत चित्रित केलेल्या मालिकेसारखा दिसू लागतो. टीव्हीच्या चित्रविषयक मेनूत ‘मोशन’ हा शब्द असलेला पर्याय शोधा (कंपनीगणिक नाव बदलतं) आणि तो पूर्ण बंद करा. मग पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’वरून काढून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’वर आणा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच लावा, त्यात यांपैकी बऱ्याच गोष्टी आपोआप बंद होतात. शार्पनेस अगदी कमी करा आणि वीज वाचवण्यासाठी उजेड आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद ठेवा. नॉइज रिडक्शनही बंद करा, कारण जुन्या फिल्मवरचा बारीक दाणा हा दोष नसून त्या चित्राचा पोत आहे, आणि टीव्ही तो पुसायला गेला की चेहरे मेणाचे दिसतात.

या बदलांनंतर चित्र पिवळट आणि मंद वाटेल. दहा मिनिटं थांबा, डोळ्यांना सवय होते.

पडद्याच्या वरखाली किंवा बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या तर चित्र ताणून त्या भरू नका. ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’मध्ये (२०१४) काळाप्रमाणे चौकटीचा आकार बदलतो. १९३०च्या दशकातली गोष्ट जवळपास चौकोनी, १९६०च्या दशकातली खूप रुंद. झूम लावला की कोणत्या काळात आहोत हे सांगणारी खूणच जाते.

बसायचं अंतर पडद्याच्या कर्णाच्या साधारण दीडपट असावं, म्हणजे ५५ इंची टीव्हीसमोर सात फुटांच्या आसपास. खोलीत अंधार करा, टीव्हीच्या मागे मंद दिवा चालेल. लॅपटॉपच असेल तर हेडफोन लावा आणि मोजक्या माणसांचे, चेहऱ्यांवर रेंगाळणारे सिनेमे निवडा. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) मात्र मोठ्या पडद्यासाठीच राखून ठेवा. त्यात वाळवंटाच्या कडेला एक ठिपका थरथरतो आणि हळूहळू उंटावरचा स्वार होतो. हा शॉट ४८२ मिलिमीटरच्या खास लांब भिंगातून घेतला होता. लहान पडद्यावर तो ठिपका सुरुवातीला दिसतच नाही, आणि ‘कोण येतंय?’ ही धास्ती, म्हणजे त्या प्रसंगाचा जीवच, हरवते.

पहिल्यांदा पाहताना

अखंड पाहा, मध्ये थांबू नका. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. परीक्षण वाचू नका, टिपणं घेऊ नका, भिंगं आणि कॅमेऱ्यांचा विचारही करू नका. गोष्टीत बुडून जाणं हा प्रेक्षकाचा हक्क आहे आणि पुढचं सगळं काम त्यावरच उभं राहतं. एखादी गोष्ट कळली नाही तर नाही, ती तशीच सोडून द्या.

सिनेमा संपला की श्रेयनामावली सुरू असतानाच वही घ्या आणि डोळ्यांसमोर आलेली पहिली तीन दृश्यं लिहा. कथानक लिहायचं नाही. ‘मावशीचं घर, खिडकी, मोठ्या आवाजात संगीत’ एवढं पुरतं. यातलं एखादं दृश्य हमखास असं निघतं की गोष्टीत त्याचं फारसं महत्त्व नसतं, तरी ते डोक्यातून जात नाही. त्याच्याखाली रेघ मारा. दुसऱ्या संध्याकाळी तेच उघडायचं.

दुसऱ्यांदा: एकच प्रसंग, पुन्हा पुन्हा

या पद्धतीचा गाभा इथे आहे, म्हणून घाई करू नका. सबंध सिनेमा पुन्हा पाहायची गरज नाही. रेघ मारलेला प्रसंग शोधा, त्याच्या आगेमागे थोडी जागा ठेवून पाच मिनिटांचा तुकडा ठरवा आणि तो दरवेळी वेगळ्या नजरेने पाहा. सुरुवातीला आवाज पूर्ण बंद.

पहिल्या फेरीत फक्त उजेड पाहायचा. तो कुठून येतोय, कुणाच्या तोंडावर पडतोय, कोण अंधारात राहिलंय? कुब्रिकच्या ‘बॅरी लिंडन’मधले (१९७५) रात्रीचे काही प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात घेतले आहेत आणि त्यासाठी मुळात नासाकरता बनवलेली झाइस कंपनीची एफ ०.७, म्हणजे खूप मोठी उघडणारी आणि अगदी कमी उजेडातही चालणारी, भिंगं वापरली होती. हा किस्सा सगळे सांगतात. पण त्या भिंगाने पडद्यावर काय होतं ते पाहा. एवढ्या उघड्या भिंगात थोडंच अंतर स्पष्ट दिसतं, म्हणून पत्ते खेळणाऱ्यांना जपून, मोजूनमापून हलावं लागतं. जुगाराच्या टेबलावर बसलेले ते उमराव पुतळ्यांसारखे दिसतात आणि तो समाज किती आखडलेला होता हे वेगळं सांगायची गरज उरत नाही. याच्या अगदी उलट काम छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’मध्ये (१९५६) केलं. बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. त्यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा प्रकाश त्यावर टाकून खाली परतवला. सावल्या विरघळल्या आणि आकाशातून झिरपणारा दिवसाचा उजेड तयार झाला. प्रेक्षकाला त्यात कसब दिसत नाही, घर दिसतं. मला या दोनांतलं दुसरं काम जास्त मोठं वाटतं.

मग चौकट पाहा. माणूस मध्यभागी आहे की कडेला? दोघांच्या मध्ये काय आहे? दार, गज, आरसा, भिंत? ‘इन द मूड फॉर लव’ (२०००) या फेरीसाठी खजिना आहे. १९६०च्या दशकातल्या हाँगकाँगमध्ये, भाड्याच्या दाटीवाटीच्या खोल्यांत राहणारे दोन शेजारी. आपापल्या जोडीदारांचं एकमेकांशी सूत जुळलंय हे दोघांना कळतं. आपण त्यांना बहुतेक वेळा दाराच्या फटीतून, बोळाच्या टोकावरून, आरशातून पाहतो, म्हणजे आपणही शेजारीच होतो, चोरून पाहणारे. त्या फसवणाऱ्या जोडीदारांचे चेहरे सिनेमाभर दिसत नाहीत. नुसती पाठ, नुसता आवाज. म्हणूनच वहीत चौकटीत काय आहे याच्याबरोबर काय बाहेर ठेवलंय हेही लिहा.

रंगांच्या फेरीत एक सापळा आहे. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख असा कोश मनात ठेवून बसलात तर काहीच दिसणार नाही. रंग कधी बदलतो ते पाहा. ‘इन द मूड फॉर लव’मध्ये नायिकेचा पोशाख बदलला की दिवस बदललेला असतो, कधीकधी तेवढाच पुरावा मिळतो. कुरोसावांच्या ‘रान’मध्ये (१९८५) तीन मुलग्यांना पिवळा, लाल आणि निळा असे रंग वाटून दिलेले आहेत. लढाईत हजारो माणसं धावत असताना कोणाचं सैन्य कुठे घुसलंय हे एका नजरेत कळतं, आणि बापाने वाटून दिलेलं राज्य कसं उसवतंय तेही. ‘स्टॉकर’मध्ये ‘झोन’ या गूढ, प्रवेशबंद प्रदेशाबाहेरचं जग तपकिरी छटेत आहे. रुळांवरच्या छोट्या गाडीतून तिघे तिकडे निघतात, काही मिनिटं फक्त त्यांचे चेहरे आणि चाकांचा खडखडाट, आणि मग एकाच कटमध्ये सगळीकडे हिरवा रंग. तेव्हा आपण ‘झोन’मध्ये पोचलेले असतो.

चौथी फेरी वेळेची. शॉट सुरू झाला की मनात सेकंद मोजा आणि तो कापला जातो तिथे थांबून विचारा, ‘आत्ताच का?’ किश्लोव्हस्कीच्या ‘थ्री कलर्स: ब्लू’मध्ये (१९९३) नायिका कॅफेत बसलेली आहे. नवरा आणि मुलगी अपघातात गेलेत. प्रेम करणारा माणूस तिला शोधत तिथे येतो, रस्त्यावर कुणी बासरी वाजवतंय. आणि मग पडदाभर फक्त साखरेचा खडा. ती त्याची कड कॉफीला टेकवते आणि तपकिरी रंग वर चढत जातो. खडा सुमारे पाच सेकंदांत भिजायला हवा असा दिग्दर्शकाचा हट्ट होता, आणि त्यासाठी सहायकाने वेगवेगळ्या साखरा भिजवून पाहिल्या. पाच सेकंद आपण तिच्याबरोबर त्या खड्यात राहतो, बाकीचं जग बाहेर राहतं. शॉट आणखी लांबला असता तर आपलं लक्ष उडालं असतं, तोकडा असता तर नुसती साखर दिसली असती. तिला कुणाशी काही देणंघेणं ठेवायचं नाही, हे सांगायला एकही संवाद लागलेला नाही.

‘कोर्ट’मध्ये वेळेचा वापर याहून निराळा आहे. एखाद्या प्रसंगातलं काम संपलं तरी शॉट लगेच कापला जात नाही. पुढचा खटला पुकारला जातो, माणसं येतात, जातात. शेवटाकडे न्यायालय सुट्टीवर जातं, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो आणि काही क्षण तसाच राहतो. सिनेमा संपला असं वाटतं. पण तो पुढे सुरू होतो आणि न्यायाधीशांच्या सहलीला जातो. खटल्यात अडकलेल्या एका लोकशाहिराचं आयुष्य टांगणीला लागलेलं असताना व्यवस्था किती निवांत असते, हे त्या काळ्या पडद्यानंतर जेवढं बोचतं तेवढं एखाद्या भाषणाने बोचलं नसतं.

आता आवाज सुरू करा आणि जमल्यास एकदा डोळे मिटून ऐका. ‘रान’मधल्या किल्ल्यावरच्या हल्ल्यात तलवारी, किंकाळ्या, घोडे यांचा आवाजच नाही. फक्त तोरु ताकेमित्सूंचं संगीत, जणू आकाशातून कुणी हताशपणे पाहतंय. मग बंदुकीचा एक बार होतो आणि रणधुमाळीचा सगळा आवाज एकदम कोसळतो. ‘पथेर पांचाली’त (१९५५) मुलीच्या मृत्यूची बातमी बापाला कळते तो प्रसंग असाच आहे. आईचा टाहो आपल्याला ऐकूच येत नाही, त्याच्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा सूर आहे. आवाज बंद करून पाहिल्यावर हे दोन्ही प्रसंग अर्धेच राहतात, म्हणून पाचवी फेरी गाळू नका.

नुसतं सुंदर आणि गरजेचं

पाच फेऱ्या झाल्या की एक कसोटी लावा. हा शॉट काढून टाकला तर काय कमी होईल? उत्तर ‘काही नाही, पण छान होता’ असं आलं, तर ते दृश्य शोभेचं होतं. ड्रोनने टिपलेले डोंगर आणि मावळतीचा सूर्य हल्ली जागोजागी भेटतात, त्यांतले बरेच या कसोटीला टिकत नाहीत. वाळवंटातला तो थरथरता ठिपका टिकतो, कारण आपल्याला पाहावी लागणारी वाट हाच त्या प्रसंगाचा विषय आहे.

प्रश्न लिहिण्याची पद्धत

आता वहीत एकच प्रश्न लिहायचा आणि त्याला अट अशी की त्याने सिनेमातल्या नेमक्या एका दृश्याकडे बोट दाखवलं पाहिजे. ‘राशोमोन’ पाहून ‘सत्य असतं का?’ असं लिहिलं तर तो प्रश्न हवेत राहतो. त्याऐवजी ‘न्यायाधीश कधीच का दिसत नाही?’ असं लिहा. साक्षीदार समोर बसून आपल्याकडे पाहत जबानी देतात, विचारणाऱ्याचा आवाजही ऐकू येत नाही. म्हणजे त्या जागेवर आपल्यालाच बसवलंय. मग कुणाचं खरं मानलं, का मानलं, कुणाचा चेहरा विश्वासू वाटला, हे स्वतःला विचारावं लागतं आणि सत्याचा मोठा प्रश्न आपल्या अंगावर येतो.

हा प्रश्न लिहून झाल्यावरच परीक्षणं आणि मुलाखती वाचा. आधी वाचल्या तर दुसऱ्याचं उत्तर आपलं वाटू लागतं. बरोबर कुणी पाहिलं असेल तर ‘आवडला का?’ ऐवजी ‘तू त्या वेळी कुठे पाहत होतास?’ असं विचारा. जाक तातीच्या ‘प्लेटाइम’मध्ये (१९६७) एकाच रुंद चौकटीत पाच-सहा गमती एकदम चाललेल्या असतात. दोघांनी तो पाहिला तर दोघांचे सिनेमे वेगळे निघतात.

संथ आणि लांब सिनेमे

कंटाळा आला की लगेच सोडू नका, चौकटीचे चार कोपरे फिरून या. संथ शॉटमध्ये दिग्दर्शकाने तेवढ्यासाठीच वेळ ठेवलेला असतो. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’त (१९६८) पहिली सुमारे २५ मिनिटं एकही संवाद नाही, म्हणून कान सोडून डोळ्यांवर यावंच लागतं. वेळ कमी असेल तर मध्यंतर कुठे आहे ते आधी बघा. ‘२००१’, ‘बॅरी लिंडन’ आणि ‘लॉरेन्स’मध्ये ते मुळातच आहे, ‘स्टॉकर’ दोन भागांत आहे. थांबायचं तर तिथेच थांबा. झोप येत असताना मात्र यांतला एकही लावू नका.

पुढे काय पाहायचं

पहिले दोन-तीन सिनेमे असे पाहून झाले की दिग्दर्शकाऐवजी छायाचित्रकाराचा माग काढा. त्याने नजर फार लवकर तयार होते. सुब्रत मित्र आवडले तर ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’ आणि मग ‘चारुलता’ (१९६४). व्ही. के. मूर्तींसाठी ‘कागज के फूल’ (१९५९), भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चौकटीतला सिनेमा. त्यातला रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा प्रकाशझोत आरशांच्या मदतीने साधला होता. क्रिस्टोफर डॉइलचं ‘इन द मूड फॉर लव’मधलं काम आवडलं तर ‘हीरो’ (२००२) लावा. तिथे एकच हकिकत वेगवेगळ्या रंगांत सांगितली जाते.

माझी खास शिफारस काझुओ मियागावा यांची आहे. त्यांनी कुरोसावांसाठी ‘राशोमोन’, मिझोगुचींसाठी ‘उगेत्सु’ (१९५३) आणि ओझूंसाठी ‘फ्लोटिंग वीड्स’ (१९५९) चित्रित केला. हात एकच आणि स्वभाव तीन. पहिल्यात कॅमेरा जंगलातून धावतो आणि थेट सूर्याकडे वळतो, दुसऱ्यात तरंगत राहतो, तिसऱ्यात जागचा हलत नाही. तिन्ही पाहायला वेळ नसेल तर पहिल्या आणि तिसऱ्यातला पाऊस तेवढा शेजारी ठेवून पाहा. ‘राशोमोन’च्या दरवाजावरचा पाऊस करड्या आभाळासमोर उठून दिसावा म्हणून पाण्यात काळी शाई मिसळली होती. ‘फ्लोटिंग वीड्स’मध्ये रस्त्याच्या दोन बाजूंना, दोन वळचणींखाली उभं राहून एक जोडपं भांडतं आणि मध्ये पाऊस कोसळत असतो. दोन्ही तुकडे आधी आवाज बंद ठेवून पाहा आणि पाऊस कुठे माणसांना एकत्र कोंडतो, कुठे वेगळं करतो ते वहीत लिहा. मग आवाज सुरू करून पुन्हा एकदा.